दहाव्याच्या मांडवातली वर्गणी

दशक्रियेच्या मांडवात जाऊन वर्गणी मागायची, ही कल्पना सरांची. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, निवृत्तीनंतर सरांचं जरा बिनसलंय. दहाव्यावर होणाऱ्या उधळपट्टीविरुद्ध आमच्या कार्यकर्त्यांच्या गटाने जे पत्रक काढलं होतं, ते मीच लिहिलेलं. गुलाबी कागद, पाठपोट मजकूर, खाली ठळक अक्षरांत मागण्या. सीबीएस स्टँडवर उभ्या असलेल्या निफाड-सिन्नरच्या गाड्यांत चढून, कंडक्टरची बोलणी खाऊन मी ते वाटलं होतं. आणि आता त्याच दहाव्याला जाऊन हात पसरायचा?

पण आमच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं, हेही खरं.

आमचा निधी साधा होता. कला शाखेत एम.ए. करणाऱ्या मुलामुलींना खोलीभाडं आणि मेसपुरते पैसे द्यायचे, एवढंच. मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र. ही मुलं तालुक्यांतून नाशकात येतात, पहिलं वर्ष कसंबसं काढतात आणि दुसऱ्या वर्षी वर्गातून गायब होतात. नापास होऊन नाही, चांगले गुण असताना. शिष्यवृत्ती खात्यावर जमा होईपर्यंत मेसवाल्याने डबा बंद केलेला असतो आणि खोलीमालकिणीने दुसरी मुलगी बघितलेली असते. सर आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालेले. दर वर्षी हजेरीत असे किती आवाज बंद होतात ते त्यांनी ऐकलेलं. म्हणून निधी काढला. सर, मी आणि आमच्या गटातले आणखी तिघं.

मी पत्रकं लिहीत मोठी झाले. गोष्ट नीट सांगितली की माणसं ऐकतात, अशी माझी समजूत होती. वर्गणी मागायला लागले आणि ती पार धुऊन गेली. कॉलेज रोडच्या एका डॉक्टरांनी विचारलं की एम.ए. करून ती पोरं नक्की करणार काय, आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या पेशंटला आत घेतलं. एका बिल्डरने फार मायेने सांगितलं, मुलींना नर्सिंगला टाका, सगळ्यांची फी भरतो, आजच्या आज. क्लासेस चालवणारे एक गृहस्थ स्वतः इतिहासाचे एम.ए. निघाले. मला वाटलं, चला, आपला माणूस. ते म्हणाले, माझ्या हातून झालं ते झालं, तुम्ही कशाला दुसऱ्यांच्या पोरांना त्यात लोटता. मी तिथून उठले ती स्कूटर घेऊन थेट सरांकडे गेले आणि हे सगळं सांगितलं.

सर म्हणाले, "तू अजून थक्क होतेस, चांगलं आहे. पण पावतीपुस्तक कोरंच आहे."

सगळ्यात घाई होती ती एका मुलीची. इगतपुरीच्या पलीकडची, धरणाच्या मागच्या अंगाला असलेल्या गावातली. एम.ए. मराठी, दुसरं वर्ष. तिचा लघुप्रबंध भातशेतीतल्या शब्दांवर होता. आवणी म्हणजे भाताची रोपं उपटून पुन्हा चिखलात लावणं, हे मला तिनेच सांगितलं, आणि त्या एवढ्याशा कामाच्या पोटात आणखी किती शब्द आहेत तेही. एका देणगीदाराला मी हा विषय सांगितला तर तो म्हणाला, भात खायचा असतो हो, त्याच्यावर कसला प्रबंध. त्याच्या बायकोला हसू आवरेना. मी चहा अर्धा टाकून उठले.

तिचा भाऊ सिन्नरच्या कारखान्यात कंत्राटी कामगार. बहिणीचं पहिलं वर्ष त्यानेच निभावलं होतं. आता त्याचं लग्न ठरलं. त्याने तिच्यासाठी कंपनीतच पॅकिंगला जागा बघून ठेवली आणि सांगितलं, दिवाळीपर्यंत तुमच्या निधीचं काही झालं तर राहा, नाहीतर मी येतो सामान न्यायला. त्याला दोष कसा देणार? मी तरी दिला नाही. पण ती पॅकिंगला गेली की परीक्षा संपली, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा गेलेलं कुणी परत येत नाही.

तेव्हा सर दहाव्याचं बोलले. आमच्या जिल्ह्यात रीत आहे. नदीकाठी मांडव पडतो, प्रवचन होतं, मग पुढारी श्रद्धांजली वाहतात, आणि शेवटी घरचे लोक गेलेल्या माणसाच्या नावाने देणग्या जाहीर करतात. देवळाला, गोशाळेला, शाळेला. माईकवर एकेक नाव पुकारलं जातं. सरांचं म्हणणं असं की लग्नात यजमानाचं लक्ष मानपानात असतं, दहाव्याला मात्र माणूस द्यायलाच बसलेला असतो. त्या यादीत आपण का नसावं? मी पत्रकाची आठवण करून दिली. सर म्हणाले, "तुझ्या पत्रकात काय होतं? हा पैसा शिक्षणाकडे वळवा. मग चल, वळवू."

मी पावतीपुस्तक पिशवीत टाकलं.

निफाडकडचं गाव, गोदावरीचा घाट. द्राक्षबागांचं मोठं घर, म्हातारी आजी गेलेली. सरांचा एक जुना विद्यार्थी त्या गावचा, त्याने माईकवाल्याशी बोलून ठेवलं होतं. सरांचा आग्रह की एक तरी विद्यार्थी सोबत हवा, लोकांना चेहरा दिसला पाहिजे. मला हा प्रकार अजिबात पसंत नव्हता. गरजूंचं प्रदर्शन मांडायचं नाही, हे आमच्या गटाचं ठरलेलं. पण गावाचं नाव ऐकताच ती मुलगी स्वतःच येते म्हणाली. इतक्या पटकन की मी तिच्याकडे बघतच राहिले.

मांडव भरला होता. पुरुषांकडे पांढऱ्या टोप्या, बायकांकडे डोक्यावरचे पदर. आम्ही दोघी बायकांत मागे बसलो, सर पुढे पुरुषांत. प्रवचन लांबलं. बाजूला पिंड ठेवलेला आणि कावळा येईना, म्हणून श्रद्धांजल्या सुरू झाल्या. बहुतेक बोलणारे एकच भाषण करत होते: माऊली गेली, छत्र हरपलं, कधीही भरून न येणारी पोकळी. माझ्या शेजारची बाई जांभया देत मला विचारत होती, तुम्ही कुणाकडच्या. मी सरांकडे बोट दाखवलं.

मग एक नेते उठले. यंदा आमदारकीला उभं राहायच्या तयारीत असलेले. एका सकाळी तीन-चार दहावे करतात, अशी त्यांची ख्याती. खिशातून कागद काढून त्यांनी एकदा नजर टाकली आणि बोलायला लागले. आणि मांडवाचा आवाज बदलला.

"ही बाई सहा वर्षं नाशकात राहिली, पण नाशिक तिने पाहिलं नाही. नातवंडांच्या शाळेसाठी घेतलेल्या फ्लॅटवर, चौथ्या मजल्याच्या गॅलरीत बसून ती एकच गोष्ट शिकली, नातवंडांच्या रिक्षाचा हॉर्न ओळखायला. आपण म्हणतो, या घरातली पोरं शिकताहेत. पोरं शिकताहेत, कारण एका बाईने आपलं अंगण सोडलं."

शेजारच्या बाईने जांभई अर्धी टाकली. पुढे कुणीतरी हुंदका दिला. थोरला मुलगा, गाव ज्यांना अण्णा म्हणतं ते, टॉवेल तोंडाला लावून रडत होते. मलाही भरून आलं, आणि राजकारणी माणसाच्या भाषणावर आपल्याला भरून येतंय म्हणून स्वतःचा रागही आला. मी सोबतच्या मुलीकडे वळले. ती रडत नव्हती. तिचे ओठ हलत होते. नेत्यांच्या अगदी किंचित आधी. ते जिथे थांबले, तिथे ती आधीच थांबलेली.

भाषण तिला पाठ होतं.

"तू?" मी विचारलं.

ती समोर बघतच हळू बोलली. नेत्यांचा पीए तिच्या वर्गातल्या एका मुलाचा भाऊ. आधी नुसते मुद्दे मागायचा, मग सगळं भाषणच मागायला लागला. मोबाइलवर पाठवायचं, पैसेही मोबाइलवरच यायचे. मेसचा डबा बंद झाल्यापासून ती त्यावरच जेवत होती. आणि इतके दिवस आमच्यापैकी कुणीही तिला विचारलं नव्हतं की बाई, तू जेवतेस कशावर. आम्ही निधी काढणारी माणसं.

मग माईकवाल्याने देणग्या पुकारल्या. देवळाच्या सभामंडपाला अमुक. गोशाळेला अमुक. गावच्या शाळेत आजींच्या नावाने संगणक कक्ष. मांडव प्रत्येक नावाला मान हलवत होता. आणि शेवटी त्याने आमची चिठ्ठी वाचली, नाशिकचा विद्यार्थी निधी. अण्णांनी टॉवेल बाजूला करून माईक जवळ घेतला आणि विचारलं, कुठल्या लाइनची पोरं आहेत? सर उभे राहिले आणि म्हणाले, कला शाखा, एम.ए.

कुणीतरी खुदकन हसलं. दहाव्याच्या मांडवात.

अण्णा काही वाईट बोलले नाहीत. डोळे अजून ओलेच होते त्यांचे. अगदी आदराने म्हणाले, "सर, सायन्सचं कुणी असलं तर सांगा. आपण करू."

आणि माईक परत गेला. सर खाली बसले. ज्या शब्दांनी हा माणूस आत्ता ढसाढसा रडला, ते शब्द लिहायला जी विद्या लागते, तिला द्यायला त्याच्याकडे काही नव्हतं, आणि हे त्याला कळलंही नव्हतं. मी उठले. माझा आवाज मोठा आहे, मोर्चात मला माईक लागत नाही. मी सगळ्या मांडवाला सांगणार होते की हे भाषण कुणी लिहिलंय.

तिने माझी ओढणी धरून खाली ओढली.

"ताई, बसा. ते मी विकलंय. विकलेलं परत मागतात का?"

मी बसले. तेवढ्यात तिकडे कावळा शिवला आणि सगळा मांडव उठला.

माणसं पांगत होती तेव्हा घरची धाकटी सून पाण्याचा जग घेऊन बायकांत फिरत आमच्यापर्यंत आली. मुलगी म्हणाली, पाणी नको, वहिनी. एवढं ऐकलं आणि ती बाई थांबली. जग खाली ठेवला.

"फोनवर तुम्हीच होत्या ना? साहेबांच्या ऑफिसातून म्हणाल्या होत्या."

मुलीचा चेहरा उतरला. भाषणासाठी माहिती हवी म्हणून तिने घरी फोन केला होता आणि तो या सुनेने घेतला होता. आता ही ओरडणार, अण्णांना बोलावणार, असं मला वाटलं.

"मी तुमच्याजवळ रडले ते तुम्ही सगळं माईकवर आणलं." ती थांबली. "बरं केलं. मला कुणी बोलू दिलं नसतं."

मग ती खाली बसली, आमच्याजवळ, सतरंजीवर. मुलीला विचारून घेतलं, शिक्षण काय, राहता कुठे, गाव कुठलं. मुलीने सगळं खरं सांगितलं, भावाचं आणि सिन्नरचंही. मग सून बोलली. फ्लॅटवर पोरांजवळ आता कुणी नाही. दोघांची परीक्षा जवळ आलीये, इकडे बागेची छाटणी सुरू झालीये, ती मळा सोडून येऊ शकत नाही आणि पोरं परत गावच्या शाळेत घालायला घर तयार नाही. सासूबाईंची खोली रिकामीच आहे. तुम्ही राहाल का? राहणं-खाणं आमचं.

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. कळलं तेव्हा मी भडकले. आम्ही मदत मागायला आलो होतो आणि ही बाई गेलेल्या म्हातारीच्या जागी माणूस शोधत होती. मी म्हटलं, ही एम.ए. करतेय, मुलं सांभाळायला आलेली नाही.

ती माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "मी बी बी.ए. हाय, ताई. मी काय करू राहिले?"

सरांच्या घरी त्या आठवड्यात बैठक झाली. मी तडाख्याने बोलले. हे साहाय्य नाही, ही घरकामाची नोकरी आहे. आपण याला हो म्हटलं तर उद्या प्रत्येक देणगीदार मुली मागेल, धुणंभांडी करायला. आपल्या पत्रकांत आपण काय लिहितो आणि करतो काय? गटातले तिघं माझ्या बाजूने. सर चहा ओतत होते. मुलगी सगळं ऐकून घेत होती, हातात कप धरून. माझं संपल्यावर तिने एकच विचारलं, निधीत माझ्यासाठी किती महिने आहेत?

सरांनी कोरं पावतीपुस्तक तिच्यापुढे सरकवलं.

"मग मी जाते," ती म्हणाली. आणि पुढे सांगितलं की सुनेशी तिचं बोलणं झालंय, अटी तिच्या आहेत. लेक्चरच्या वेळेत ती घरी नसेल. किल्ली तिच्याकडे राहील. स्वयंपाकाला बाई वेगळी. तिच्या परीक्षेच्या दिवसांत सून स्वतः येऊन राहील. हे सगळं ती इतक्या बिनचूक सांगत होती की मला वाटलं, मागण्या लिहायला हिला घ्यायला हवं होतं.

रविवारी भाऊ आला. मोठी रिकामी बॅग घेऊन, सांगितल्याप्रमाणे. मी मुद्दाम तिच्या खोलीवर थांबले होते. तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने विचारलं, पगार काय? ती म्हणाली, पगार नाय, राहणं-खाणं. तो म्हणाला, मग कंपनी काय वाईट? तिथं पैसे तरी हायेत.

"कंपनीत पेपर नाय देता येत, दादा."

तो बराच वेळ बॅगेची चेन उघडझाप करत बसला. मग उठला आणि तिची पुस्तकं बॅगेत भरायला लागला. माझ्या स्कूटरवर पुढे ती बॅग, मागे ती, असं आम्ही निघालो आणि तो रिक्षाने गादी घेऊन आला. सिन्नरला जायची बॅग गंगापूर रोडच्या चौथ्या मजल्यावर गेली. तो वर आला, गॅलरीतून खाली वाकून बघितलं, म्हणाला, लय उंच हाय, आणि पाणी न पिताच गेला.

मी तिथे पुन्हा गेले ते मार्चमध्ये. मनात होतं की हिला वाईट अवस्थेत बघू आणि माझंच खरं ठरेल. तसं काही नव्हतं. अंगावर थोडं मांस आलं होतं. लघुप्रबंध टाइप करून झाला होता, परीक्षेचा फॉर्म भरला होता. खोलीत म्हातारीचा पलंग, त्यावर भातशेतीच्या शब्दांची कार्डं पसरलेली. मुलं तिला ताई म्हणतात. धाकटा भूगोलाचा गृहपाठ तिच्याकडून करून घेतो आणि वर तिलाच रागावतो, असं ती हसत सांगत होती.

हॉलमध्ये आजींचा मोठा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. त्याच्या खाली आणखी एक फ्रेम. जवळ जाऊन वाचली आणि माझं डोकंच फिरलं. तेच भाषण. अण्णांनी सुबक अक्षरांत छापून, काचेत बसवून लावलं होतं. खाली नेत्यांचं नाव, ठळक. आणि त्या फ्रेमखालच्या टेबलावर तिची वही उघडी. ती रोज तिथे बसून अभ्यास करते, हॉलमध्ये उजेड चांगला येतो म्हणून. अण्णा शनिवारी येतात, फ्रेमला हात जोडतात, तिला विचारतात, पोरं त्रास नाही ना देत. त्यांना अजून माहीत नाही. सुनेला माहीत आहे, ती बोलत नाही.

मी विचारलं, तुला राग कसा येत नाही?

"येतो ना. पेपर झाले की काढीन." मग फ्रेमकडे बघून म्हणाली, "अंगणाचं त्यांनी प्रांगण करून टाकलंय. भारी वाटावं म्हणून. ते मात्र रोज टोचतं."

खाली रिक्षाचा हॉर्न वाजला. मला सगळे हॉर्न सारखेच. ती लगेच उठली, चपला अडकवल्या, आलेच म्हणून जिना उतरून गेली. म्हातारी गॅलरीतून बघायची, ही खाली जाते. फरक असेल तर एवढाच, की खाली रस्ता आहे आणि त्यावरून कॉलेजची बस जाते.

एका मुलीला मराठीत एम.ए. करता यावं म्हणून आमच्या शहरात एक म्हातारी मरावी लागली. मी हे पत्रकात लिहिलं तर सर म्हणतील, फार झालं. पण यात मी वाढवलेलं काय आहे?

घरात मी एकटीच होते. माझ्या पिशवीत मार्कर असतो, पोस्टरचा, जाड. तो मी काढला, टोपण उघडलं, फ्रेमसमोर उभी राहिले. नेत्यांचं नाव काचेच्या पलीकडे होतं, पण काचेवर काट मारायला दोन सेकंद लागले असते. खाली तिचं नाव लिहायला आणखी चार. जिन्यातून मुलांच्या पावलांचा आणि तिच्या दटावण्याचा आवाज वर येत होता.

मी टोपण लावलं. मार्कर पिशवीतच आहे. तिचे पेपर मेमध्ये संपतात.